दक्षिणेस समुद्र

त्या दुपारी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौकशीच्या टेबलावर होते. वैशाखातलं ऊन, आणि डोक्यावरचा पंखा नुसता आवाज करत होता. एकाचा फोन आला, पोलीस चौकीचा नंबर द्या म्हणून. कुठली चौकी, असं विचारल्यावर तो म्हणाला, "ते तुमीच बघा बाई. मी विचुंब्याच्या पल्याड नव्या बिल्डिंगीवर वॉचमन हाय. इथं एक बाबा येऊन बसलंय. चांगल्या घरातलं दिसतंय, पन नाव नाय सांगत, गाव नाय सांगत. नुसतं आकडं बोलतंय." कसले आकडे, मी विचारलं. "एक, दोन, तीन... शालंतली पोरं बोलतात तसं. मदीच थांबतंय, आन परत पयल्यापासून." मी त्याला नंबर दिला नाही. त्यांना सावलीत बसव, पाणी पाज, मी येते, एवढंच म्हटलं आणि शेजारच्या बाईंवर टेबल सोपवून रिक्षा पकडली. चौकशीच्या टेबलावर लोकांना उत्तरं देण्यात माझी अठरा वर्षं गेली आहेत. या एका चौकशीचं उत्तर माझ्याकडे पाच महिने पडून होतं, आणि ते मी कुणालाही दिलेलं नव्हतं.

ते बाबा म्हणजे माझे भावोजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मनोहर केळशीकर. मी पोचले तेव्हा ते अर्धवट बांधलेल्या भिंतीला टेकून बसले होते, पायात एकच चप्पल, ओठ सुकून पांढरे पडलेले. मला बघून म्हणाले, "शालूबाई, मध्ये बोलू नका. आकडा जाईल." ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. तिसऱ्या दिवशी मुंबईच्या हॉस्पिटलात ते वारले. डोक्यात गाठ निघाली. डॉक्टर तरुण होते, कॉरिडॉरमध्ये थांबून त्यांनी शांतपणे विचारलं, "ही काही एका दिवसात होत नाही. आधी काही जाणवलं नव्हतं का? हिशेब चुकणं, ओळखीचा रस्ता चुकणं? दोनतीन महिने आधी कळलं असतं तर काढता येण्यासारख्या जागी होती हो..." ताई म्हणाली, "नाही, काहीच नाही. डिसेंबरात तर परदेशात जाऊन पायी गाव बघून आले." मी तिच्या शेजारीच उभी होते आणि खालच्या फरशीकडे बघत होते. त्याला आता सात आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. भावोजींबद्दल चांगलं लिहायला मला काही शोधावं लागणार नाही. पण त्यांच्याबरोबर माझंही थोडं लिहावं लागणार आहे, आणि ते चांगलं नाही. छापायला देण्याआधी हा लेख मी ताईला वाचायला दिला. एक शब्द गाळू नकोस, असं तिनं सांगितलं.

भावोजी भूकरमापक होते, म्हणजे सरकारी मोजणीदार. पनवेल-उरणकडची शेतं, मिठागरं, खाजणं त्यांनी तीस वर्षं चालून मोजली. गावोगाव त्यांना 'मोजणीकाका' म्हणत. आमच्या तरुणपणी या जमिनीला कोण विचारत होतं? बांध इकडचा तिकडे झाला तरी दोन शिव्या देऊन लोक भाताच्या कामाला लागायचे. मग नवं शहर आलं, हायवेच्या कडेनं बिल्डिंगी आल्या, आणि ज्या बांधावर बैल चरायचे त्याच्या एकेका हातासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात कुऱ्हाडी घेऊन उभे राहू लागले. अशा वेळी दोन्हीकडचे लोक म्हणायचे, काकांना बोलवा. निवृत्त झाल्यावरही बोलवायचे. ऑफिसच्या लिलावात घेतलेली एक जुनी लोखंडी साखळी त्यांच्याकडे होती. ती खांद्यावर टाकून ते जायचे, मोजायचे, दगड लावायचे आणि निघून यायचे. चहाच्या पलीकडे त्यांनी कुणाचं काही घेतलं नाही, आणि त्यांनी लावलेल्या दगडाला नंतर कुणी हात लावल्याचं मी ऐकलेलं नाही. घरी मात्र हा माणूस साधा बाजारातून टोमॅटो आणताना फसायचा. मी चिडवायची, "भावोजी, एकरभर जमीन बरोबर मोजता, आणि एक किलोत पाव किलो सडके कसे येतात?" तर म्हणायचे, "शालूबाई, टोमॅटोला हद्द नसते."

नवं गाव बघायची त्यांची एक रीत होती. खरेदीखतात जमिनीची चतुःसीमा लिहितात ना, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, तसंच ते गाव बघायचे. आधी गावाच्या चारी कडा चालून यायच्या आणि मगच मध्ये शिरायचं. तेही पावलं मोजत. वसईचा किल्ला, रेवदंडा, कर्नाळा, सगळं त्यांनी असंच पाहिलं. ताई सांगते, लग्नानंतर महाबळेश्वरला नेलं तेव्हा पहिले दोन दिवस मी गावाच्या कडेकडेनंच हिंडले, बाजारपेठ तिसऱ्या दिवशी दिसली. पुढे तिचे गुडघे गेले आणि त्यांच्या मागे चालायचं काम माझ्याकडे आलं. मी लग्न केलं नाही, त्यामुळे मला वेळच वेळ, असं सगळे धरून चालतात. खरं सांगायचं तर मला ते काम आवडायचं. ते पुढे, तोंडानं हलकेच आकडे म्हणत. मी दोन पावलं मागे. दिवसभर कानाला हेडफोन लावून आकडे ऐकणारी मी, सुट्टीतही आकडेच ऐकायची.

त्यांचा मुलगा अजित सिंगापुरात जहाजदुरुस्तीच्या कामावर आहे. गेल्या डिसेंबरात त्यानं आईवडलांना बोलावून घेतलं. शालू आली तरच मी येईन, ह्यांच्या मागे कोण चालणार, असं ताईनं कळवलं, म्हणून माझंही तिकीट आलं. सिंगापुरात भावोजी चार दिवस गप्प गप्प होते. चकचकीत रस्ते, सरळ रेषा. त्यांना मोजायला काही उरलंच नव्हतं. मग एका संध्याकाळी अजितला म्हणाले, मलाक्का इथून किती लांब? पोर्तुगीज गोव्याहून तिकडे गेले होते. वसई-रेवदंड्याला त्यांच्या भिंती मोजल्या, तिकडच्याही बघू. अजितला रजा नव्हती. त्यानं आम्हा तिघांना बसमध्ये बसवून दिलं, आणि मलेशियातल्या त्या जुन्या बंदराच्या गावी नदीकाठच्या एका लॉजवर आम्ही दोन रात्रींसाठी उतरलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघं बाहेर पडलो. ताई खिडकीत बसून राहिली. मी आजवर पाहिलेल्या कुठल्याच गावासारखं ते गाव नव्हतं, आणि तरी सगळं ओळखीचं वाटत होतं. नदी आपल्या खाडीसारखीच, मातकट आणि जड. काठावरची जुनी गोदामं पाण्यात उतरल्यासारखी. एका घराच्या मागच्या पायरीखालून हातभर लांब घोरपड संथपणे पोहत गेली, आणि पायरीवर कपडे धुणाऱ्या बाईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरं अरुंद, पण आत बघावं तर शेवट दिसत नाही, एका चौकामागे दुसरा चौक आणि मग अंधार. घरांपुढून पाच फुटांचा झाकलेला ओटा सलग गेलेला, पण प्रत्येक घराचा ओटा वेगळ्या उंचीचा. "पाच फूट म्हणतात, हा साडेचार आहे," भावोजी खुशीत म्हणाले. एका गल्लीत आपलं विनायकाचं देऊळ, त्याच्यापुढे मशीद, तिचा मिनार चिनी देवळासारखा मजल्यामजल्यांचा, आणि थोडं पुढे खरंखुरं चिनी देऊळ, दारात उदबत्त्यांचा धूर. विनायकाच्या देवळात लुंगी नेसलेले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तामिळ मुलखातून आले, घरात आता भाषा मलय. भावोजींनी हात जोडले, त्यांनीही जोडले. मूर्तीकडे बोट दाखवून ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले, तुमचा आणि आमचा एकच. बाहेर आल्यावर भावोजी कितीतरी वेळ त्यांच्याबद्दलच बोलत होते.

मग त्यांना या देवळापासून त्या देवळापर्यंतचं अंतर मोजायची लहर आली. मी मागे. सत्तर, एकाहत्तर, बाहत्तर... आणि मग परत सत्तर. माझा कान तिथे अडकला. मी हसून म्हटलं, "भावोजी, दोन पावलं मागे पडली वाटतं." ते थांबले. हसले नाहीत. परत देवळापाशी गेले आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी साठाच्या आधीच घसरले. तिसऱ्या वेळी आकडा वेगळाच आला. सकाळचे साडेसात वाजले होते, गल्लीत गारवा होता, आणि त्यांच्या मानेवरून घाम वाहत होता. "इथला रस्ता तिरका आहे," ते म्हणाले. रस्ता सरळ होता. मी ते बोलले नाही. आपल्या भावोजींचा आकडा चुकतो असं तोंडावर कसं म्हणायचं? मला वाटलं, झोप झाली नसेल.

दुपारी आम्ही टेकडीवर गेलो. वर छप्पर नसलेलं एक जुनं चर्च आहे, त्याच्यापुढे पांढरा दीपस्तंभ. चर्चच्या आत भिंतींना पुरुषभर उंचीचे दगड टेकवून ठेवलेत, जुन्या डच लोकांच्या थडग्यांवरचे. नावं कोरलेली, जहाजं कोरलेली, कवट्या कोरलेल्या. थडगी मूळची कुठे होती ते दगडांवरून आता कळत नाही. भावोजी एकेका दगडापुढे उभे राहिले. "जागेवरून हलवला की दगड नुसता दगड, शालूबाई," ते म्हणाले, "खाली कोण होतं ते आता कुणी सांगू शकणार नाही." वरून समुद्र दिसत होता, पण लांब. त्यावरून ते बेचैन झाले. लॉजच्या जिन्यात टांगलेल्या जुन्या चित्रात जहाजं टेकडीखालच्या जुन्या किल्ल्याच्या दरवाजाला लागलेली होती. मग समुद्र इतका लांब कसा? चतुःसीमेत दक्षिणेस समुद्र हवा. त्याला हात लावल्याशिवाय त्यांचं गाव पुरं होणार नव्हतं.

दरवाजापासून आम्ही चालायला लागलो. पाठीमागे आभाळ भरून येत होतं. पंधरावीस मिनिटांत घरं संपली आणि सपाट, ओसाड रेती सुरू झाली. समुद्र भरून काढून तिथे जमीन केली होती. खुंट्या ठोकलेल्या, त्यांना लाल फडकी बांधलेली, मध्येच दुकानांची एखादी नवी रांग, शटरं बंद, माणूस कुठे नाही. भावोजी एका खुंटीपाशी थांबले. "आपणही हेच केलं," ते म्हणाले. "आपल्याकडची खाजणं मी मोजलीत. गुडघाभर पाण्यात उभं राहून जमीन म्हणून मोजलीत." मग पुन्हा आकडे सुरू झाले, पण आता ते पुढे जाऊन मागे येत होते, मागे येऊन पुढे जात होते, आणि आवाज वाढत चालला होता. शेवटी खुंटीला धरून खाली बसले आणि मला म्हणाले, "शालू, आपण कुठून आलो?" आयुष्यात त्यांनी मला कधी नुसतं शालू म्हटलं नव्हतं. मी टेकडीकडे बोट दाखवलं. पांढरा दीपस्तंभ समोर स्वच्छ दिसत होता. त्यांनी सरळ त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ते कुठलं गाव?" तेवढ्यात पाऊस कोसळला. तिथे आडोसाच नव्हता. मी त्यांचा दंड धरून भिजत उभी राहिले, आणि पाचदहा मिनिटांनी त्यांचा चेहरा हळूहळू परत आला. "उन्हानं झालं असेल," ते म्हणाले. आम्ही दोघं नखशिखांत भिजलो होतो.

परत येताना ते अगदी बरोबर चालले, एकही वळण चुकलं नाही. नदीवरच्या पुलावर मला थांबवून म्हणाले, "तुमच्या ताईला सांगू नका. पनवेलात तर कुणालाच नको." मी म्हटलं, भावोजी, डॉक्टरला तरी दाखवूया. त्यांनी मान हलवली. "दवाखान्यात गेलो की गावाला कळतं. मोजणीकाकांचं डोकं चालत नाही म्हणतील. मग एक मोजणी चुकली असेल म्हणून तीस वर्षांच्या सगळ्या उकरतील. जमिनीला काय भाव आलाय माहीत आहे ना? भावाभावांची डोकी फुटतील, शालूबाई. ते मी बघू शकणार नाही." मी हो म्हटलं. लॉजवर ताईनं विचारलं, "भेटला का समुद्र?" "भेटला की," भावोजी म्हणाले. मी टॉवेलनं केस पुसत राहिले.

पनवेलला आल्यावर मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. कधी चहात दोनदा साखर, कधी उलटं बनियन, पण असं कुणाचं होत नाही? महिनाभर काही घडलं नाही, आणि मी स्वतःची समजूत घातली. मग माघात विचुंब्याचे काशिनाथ आणि बाळाराम आले. दोघे सख्खे भाऊ, बाप वर्षापूर्वी गेलेला, शेत वाटून घ्यायचं होतं. येताना करंज्याहून आणलेले सुके बोंबील घेऊन आले होते. बापानं जपून ठेवलेलं जुनं टिपण, म्हणजे सरकारी मोजणीचा कागद, त्यांच्याकडे होता. काशिनाथ म्हणाला, "काका, ऑफिसात अर्ज केला तर वरीस जाईल. तुमी दगड लावा, आमी दोघं मान्य करतो." नाही म्हणा, असं मी भावोजींकडे बघत होते. ते म्हणाले, "येतो." दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तुम्ही चला बरोबर. मनात मोजत राहा." त्यांनी मला कशासाठी नेलं ते मला नीट कळलं होतं. माझ्या कानांच्या भरवशावर ते निघाले होते.

शेतावर पंधरावीस माणसं जमली होती. साखळी तेहतीस फुटांची असते आणि तिचे सोळा भाग असतात, त्यांना आणे म्हणतात. भावोजींनी टिपणावरून मोठ्यानं वाचलं, सात साखळ्या नऊ आणे. सात साखळ्या बिनचूक टाकल्या. आठवीवर ते एकेक पितळी खूण बोटानं मोजत चालले, आणि सहाव्या आण्यावर थांबून म्हणाले, "इथे." मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझा आकडा त्यांना हवा होता. मला माहीत होतं की आणखी तीन आणे, म्हणजे सहा फूट, पुढे जायला हवं. पण सगळा गाव बघत होता, काशिनाथनं पहार हातात घेतली होती, आणि मला तो पूल आठवला. मी मान डोलावली. दगड बसला. काशिनाथची सहा फुटांची पट्टी बाळारामकडे गेली.

घरी येताना रिक्षात त्यांनी विचारलं, "तुमचा आकडा किती आला होता?" मी म्हटलं, "तुमचाच." ते माझ्याकडे बघत राहिले. पुढे विषय काढला नाही. पण त्यानंतर ते रोज सकाळी वाचनालयात जातो म्हणून बाहेर पडू लागले. वाचनालयातल्या बाईंनी एकदा मला सहज विचारलं, तुमचे भावोजी हल्ली फिरकत नाहीत, बरे आहेत ना? मी बरे आहेत म्हटलं. त्यांच्या चपलांना लाल माती असायची. पनवेलच्या पेठेत लाल माती नाही, ती विचुंब्याकडे बिल्डिंगींसाठी भराव टाकतात तिथली. ते तो दगड शोधायला जात होते, आणि रोज बदलणाऱ्या त्या भरावात त्यांना शेत सापडत नव्हतं. हे मला आज कळलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला तेव्हाच कळत होतं. रोज मी ठरवायची, उद्या ताईशी बोलू... वैशाखापर्यंत माझं असंच चाललं.

दहाव्यानंतर ताईनं त्यांच्या टेबलाचा खण आवरायला काढला. आत ट्रेसिंग कापडाची गुंडाळी निघाली. त्यांनी मलाक्क्याचा नकाशा काढला होता. नदी, पूल, तिन्ही देवळांची गल्ली, टेकडी, सगळं काळ्या शाईत, सुबक. देवळांमधलं अंतर चारदा लिहून चारदा खोडलेलं. खाली ठळक अक्षरात चतुःसीमा. पूर्वेस टेकडी. उत्तरेस चिनी लोकांची दफनभूमी. पश्चिमेस जुनी घरे. दक्षिणेस, आणि तिथे पेन्सिलनं बारीक लिहिलं होतं: शालूला विचारणे. ताईनं चष्मा वर केला. "काय विचारायचं होतं ग तुला?" मग मी तिला सगळं सांगितलं. रेती, पाऊस, पूल, मान डोलावली ती, रिक्षात बोलले ते. झाल्यावर तिनं कापड गुंडाळलं, खणात ठेवलं आणि म्हणाली, "तू आता घरी जा." पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

महिना उलटल्यावर काशिनाथ आणि बाळाराम ताईकडे आले. तिनं माझ्याकडे निरोप पाठवला, ये म्हणून. दोघे जमिनीवरच बसले, खुर्ची नको म्हणाले. माझ्याच्यानं राहवेना, मी म्हटलं, "काशिनाथभाऊ, तो दगड चुकीचा लागलाय. मला माहीत होतं." काशिनाथनं मान खाली घातली. "आमाला बी म्हाईत व्हतं, बाई. त्याच दिशी. संध्याकालचा हा बाळाराम आला आन बोलला, दादा, तुजी सा फुटं माज्याकडं आली. मी बोललो, ऱ्हाऊ दे. भावाची भावाकडंच गेली ना? काकांना नको सांगू, त्यांना वाईट वाटंल." बाळाराम डोळे पुसत म्हणाला, "काका तिकडं फिरताना दिसायचं. आमी आडबाजूला व्हायचो. समोर गेलो तर इच्यारतील, दगड बराबर हाय का. खोटं कसं बोलायचं त्यांच्याशी?" ज्या भांडणाच्या धास्तीनं भावोजींनी दवाखाना टाळला, ते भांडण या दोघांनी त्याच संध्याकाळी मिटवून टाकलं होतं. ताई भिंतीकडे बघत होती. "सगळ्यांनी त्यांचा मान राखला," ती म्हणाली. "माणूस कुणी राखला नाही." मग उठून तिनं खुंटीवरची साखळी काढली. "चला. पाऊस यायच्या आत तो दगड नीट करून या. मी येते."

आम्ही चौघं विचुंब्याला गेलो. भराव त्यांच्या बांधापर्यंत आला होता, पण दगड होता. साखळीची पितळी मूठ भावोजींच्या तळव्यानं एका बाजूला झिजून गुळगुळीत झालेली, ती मी धरली. सात साखळ्या पडल्या, आठवी ताणली. ताई टिपण हातात घेऊन उभी होती. "नऊ आणे," तिनं वाचलं. मी वाकले, खुणा मोजल्या आणि या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नऊ. इथे." काशिनाथनं पहार उचलली. "थांब," ताई म्हणाली. जिन्याच्या चार पायऱ्या चढताना जिचा जीव जातो ती माझी बहीण पदर खोचून त्या ढेकळांत गुडघ्यांवर बसली, आणि पहिल्या खुणेपासून एकेक खूण बोटानं चाचपत मोठ्यानं मोजू लागली. आम्ही तिघं उभे होतो. मी मोजते असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. नवव्या खुणेवर तिनं बोट टेकलं, आणि माझ्याकडे न बघता काशिनाथला म्हणाली, "हं. आता लाव."